करदात्यांचा बॅरिस्टर फिरोजशहा मेहता

शेतकरी बंधूंनो, घरपट्टी, पाणीपट्टी आपण भरतो. मग ती गेली कुठे, हे ग्रामसभेत उठून विचारतोच ना? हाच प्रश्न १८७१ साली मुंबईत पेटला होता, आणि एका सव्वीस वर्षांच्या वकिलाने त्यात गर्दीच्या उलट बाजू घेतली होती.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ चा, मुंबईतल्या पारशी व्यापारी घरातला. १८६४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतली, पाठोपाठ एम. ए. झाले. रुस्तमजी जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर कायदा शिकायला ते विलायतेला गेले. इथे कापसाचा संबंध येतो बघा! अमेरिकेत १८६१ ला यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरचा सट्टा माजला. १८६५ ला लढाई थांबली, भाव कोसळले, भलेभले बुडाले. त्यात रुस्तमजीशेटही सापडले आणि शिष्यवृत्तीचा पैसा आटला. तरी पोरगा हटला नाही. १८६८ साली बॅरिस्टर होऊनच परत आला.

त्या वेळी शहराचा कारभार आर्थर क्रॉफर्ड या कमिशनरच्या हाती होता. माणूस कामाचा. गटारे, रस्ते, मंडई, सगळीकडे त्याने हात घातला; पण खर्चाला धरबंद नव्हता. तिजोरीत खडखडाट झाला, कर वाढले, लोक खवळले. हिशेब विचारायचे काम जस्टिसांचे, पण ते सरकारने नेमलेले. अशात फिरोजशहांनी भर सभेत निबंध वाचला. क्रॉफर्डला घालवून काय होणार, दोष रचनेत आहे, असे त्यांचे म्हणणे. काम करणारा अधिकारी एकच असावा, त्याला पुरते अधिकार असावेत. मात्र त्याला जाब विचारणारे लोक करदात्यांनी निवडून दिलेले हवेत. श्रोत्यांना हे मुळीच रुचले नाही. कमिशनरची वकिली करतोय, असेच बहुतेकांना वाटले असणार.

पण १८७२ चा कायदा बराचसा त्याच वाटेने गेला. ६४ सभासदांची कॉर्पोरेशन झाली आणि त्यातले निम्मे करदाते निवडू लागले. फिरोजशहाही पुढे सभासद झाले. १८८४ आणि १८८५ साली अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

पोटापाण्याची वकिली मात्र त्यांना मुंबईपेक्षा गुजरात-काठेवाडच्या कोर्टांनी दिली. लायसन्स टॅक्सवरून १८७८ साली सुरतेत दंगा झाला, त्या खटल्यात आरोपींच्या बाजूने ते उभे राहिले आणि नाव झाले. मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा घडवण्यात काशिनाथ त्र्यंबक तेलंगांबरोबर त्यांचा मोठा वाटा होता. कितीतरी दुरुस्त्या झाल्या, तरी मुंबईचा कारभार आजही त्याच कायद्यावर चालतो.

आपल्या बांधाशी जोडलेली एक गोष्ट राहिली. १९०१ साली सरकारने जमीन महसूल कायद्यात बदल आणला. सारा थकून सरकारजमा झालेली जमीन परत देताना ती विकण्या-गहाण टाकण्याचा हक्क काढून घ्यायचा, असा तो बेत. विधेयक तूर्त थांबवा, ही फिरोजशहांची सूचना फेटाळली गेली. तेव्हा ते कौन्सिलातून उठून चालते झाले, आणि गोपाळ कृष्ण गोखलेही त्यांच्या पाठोपाठ बाहेर पडले.