माकडं विकून चर्च उभं करणाऱ्या जिम जोन्सनं ९०० माणसांना मरणाच्या दारात कसं नेलं?

१८ नोव्हेंबर १९७८. दक्षिण अमेरिकेतला गयाना देश. क्रिकेट बघणाऱ्यांना हा देश माहिती असतो तो क्लाइव्ह लॉईड आणि शिवनारायण चंद्रपॉल यांच्यामुळं. याच देशातल्या घनदाट जंगलात त्या दिवशी जोन्सटाउन नावाच्या वस्तीत ९०९ माणसं मेली. त्यात जवळपास ३०० लहान मुलं होती.

एका धर्मगुरूच्या सांगण्यावरून सगळ्यांनी विष घेतलं, अशी बातमी जगभर पसरली आणि या घटनेवर सामूहिक आत्महत्येचा शिक्का बसला. पण ती खरंच आत्महत्या होती का? हे समजून घ्यायचं तर त्या धर्मगुरूची, म्हणजे जिम जोन्सची गोष्ट पहिल्यापासून बघावी लागते.

जोन्सचा जन्म १३ मे १९३१ चा, अमेरिकेच्या इंडियाना राज्यातला. वडील पहिल्या महायुद्धात अधू होऊन आलेले. घर आईच्या कमाईवर चालायचं. लहानपणी हा पोरगा गावातली एकूण एक चर्च पालथी घालायचा. इतर पोरं खेळात रमलेली असायची तेव्हा हा मेलेल्या प्राण्यांचे अंत्यविधी करायचा आणि जमलेल्या पोरांना प्रवचन द्यायचा.

१९४९ मध्ये त्यानं मार्सलीन नावाच्या नर्सशी लग्न केलं आणि पुढं इंडियानापोलिस शहरात स्वतःचं चर्च काढायचं ठरवलं. हातात पैसा नव्हता, म्हणून गडी दारोदार फिरून पाळीव माकडं विकायला लागला. त्यातून उभं राहिलं पीपल्स टेम्पल.

तेव्हा अमेरिकेत गोरे आणि काळे एका चर्चमध्ये शेजारी बसणं ही दुर्मीळ गोष्ट होती. जोन्सच्या चर्चमध्ये ते बसायचे. भुकेल्यांना फुकट जेवण मिळायचं, म्हाताऱ्यांची सोय व्हायची. १९६१ मध्ये त्याला शहराच्या मानवी हक्क आयोगावर नेमण्यात आलं. त्याच वर्षी या गोऱ्या जोडप्यानं एक काळं मूल दत्तक घेतलं. लोक त्याच्या मागं गेले ते वेडे होते म्हणून नाही. जे सरकार देत नव्हतं आणि समाज देत नव्हता, ते त्यांना इथं मिळत होतं.

पण याच चर्चमध्ये दुसराही खेळ चालू होता. भर सभेत जोन्स कॅन्सर बरा करायचा. रुग्णाच्या शरीरातून बाहेर आलेली गाठ म्हणून जे दाखवलं जायचं, ते असायचं कोंबडीचं काळीज. जवळच्या मोजक्या लोकांना हे ठाऊक होतं. चांगल्या कामासाठी थोडं खोटं चालतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

१९६५ मध्ये अणुयुद्धाची भीती दाखवून तो शंभरावर अनुयायांना घेऊन कॅलिफोर्नियात गेला. तिथं पसारा वाढला आणि पकडही वाढली. अनुयायांचा पगार, घरं, पेन्शन चर्चकडे जाऊ लागली. कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या जायच्या. न केलेल्या गुन्ह्यांची कबुली लिहून घेतली जायची, म्हणजे उद्या कुणी सोडून गेलं तर तोंड उघडणार नाही. चूक झाली की सगळ्यांसमोर मारहाण व्हायची. बायका आणि पुरुष दोघांचंही त्यानं लैंगिक शोषण केलं. आणि बाहेर? बाहेर सॅन फ्रान्सिस्कोचे राजकारणी त्याच्या दारात उभे असायचे. प्रचाराला हुकमी माणसं पाहिजेत तर जोन्स एका हाकेवर पाठवायचा. बदल्यात त्याला शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचं अध्यक्षपद मिळालं.

१९७७ मध्ये एका मासिकानं बाहेर पडलेल्या अनुयायांच्या मुलाखती छापायचं ठरवलं. त्याची कुणकुण लागताच जोन्सनं गयाना गाठलं. तिथं १९७४ पासूनच त्याची माणसं जंगल तोडून वस्ती वसवत होती. वंशभेद नसलेला स्वर्ग, असं सांगून त्यानं सुमारे हजार लोकांना तिकडं नेलं. त्यातले बहुसंख्य काळे होते.

तिथं पोचल्यावर पहिली गोष्ट झाली, ती म्हणजे पासपोर्ट काढून घेतले गेले. राजधानी जॉर्जटाउन सुमारे २४० किलोमीटरवर आणि मध्ये जंगल. घरून आलेली पत्रं आधी जोन्सची माणसं वाचायची. बाहेरच्या जगाची बातमी लाऊडस्पीकरवरून जोन्स सांगेल तेवढीच. पळायचा प्रयत्न करणाऱ्यांना गुंगीची औषधं देऊन डांबलं जायचं. जोन्स स्वतः नशेच्या गोळ्यांच्या आहारी गेला होता. मध्यरात्री भोंगा वाजायचा, हल्ला होणार असं सांगून सगळ्यांना गोळा केलं जायचं आणि विष म्हणून पेय प्यायला लावलं जायचं. नंतर कळायचं की त्यात काहीच नव्हतं, ही निष्ठेची परीक्षा होती.

१९७८ मध्ये एक तरुणी तिथून निसटली. तिनं अमेरिकेत परत येऊन जूनमध्ये या तालमींबद्दल शपथपत्र दिलं. सरकार हललं नाही. दूतावासाचे अधिकारी वस्तीवर जाऊन आले होते, पण पहारेकऱ्यांच्या वस्तीत राहणारा माणूस खरं कसं बोलणार?

शेवटी नातेवाइकांच्या तक्रारींवरून कॅलिफोर्नियाचे खासदार लिओ रायन स्वतः १७ नोव्हेंबरला तिथं पोचले. स्वागत झालं, गाणी झाली. पण कुणीतरी गुपचूप चिठ्ठी सरकवली, की आम्हाला इथून बाहेर काढा. दुसऱ्या दिवशी पंधराएक जण रायन यांच्यासोबत निघाले. जवळच्या पोर्ट कैटुमा धावपट्टीवर जोन्सच्या बंदूकधाऱ्यांनी गोळीबार केला. रायन, तीन पत्रकार आणि वस्ती सोडून निघालेली एक महिला ठार झाली. रायन यांची सहकारी जॅकी स्पीयर पाच गोळ्या लागूनही वाचली आणि पुढं स्वतः खासदार झाली.

तिकडं वस्तीत सरबतात सायनाइड मिसळलं गेलं. सुरुवात मुलांपासून झाली. ज्यांना पिता येत नव्हतं, त्यांच्या तोंडात सिरिंजनं विष सोडलं. त्या सभेचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात एक महिला उभी राहून मुलांना जगण्याचा हक्क आहे, असं जोन्सला ठणकावते. बाकीच्यांनी तिला गप्प बसवलं. भोवती बंदूकधारी उभे होते. नंतर मृतदेह तपासणाऱ्या गयानाच्या सरकारी डॉक्टरांना काहींच्या दंडावर सुया टोचल्याच्या खुणा सापडल्या.

जोन्सनं मात्र विष घेतलं नाही. तो डोक्यात गोळी लागून मेला.

या घटनेवरून इंग्रजीत आंधळ्या भक्तांची टिंगल करणारा एक वाक्प्रचार रूढ झाला, की अमुक माणसानं कूल-एड प्यायलं. वाचलेल्यांना तो आजही बोचतो. कारण त्या जंगलात पैसा, पासपोर्ट, बातमी आणि बंदूक हे सगळं एकाच माणसाच्या हातात होतं. तिथं होकार देण्याला काही अर्थच उरला नव्हता. आणि जवळपास ३०० मुलांना तर कुणी विचारलंही नव्हतं.

४०० हून अधिक मृतदेहांची ओळख पटली नाही किंवा ते न्यायला कुणी आलं नाही. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये एका टेकडीवर त्यांना एकत्र पुरलं आहे. त्यातली बरीचशी लहान मुलं आहेत.