सैबेरियाच्या सूर्यास्ताचे रंग

टोकियोच्या संग्रहालयात १९३७ साली एक वीस वर्षांचा तरुण रेशमी कापडाच्या जुन्या तुकड्यासमोर खिळून उभा राहिला. तो तुकडा होता ‘त्सुजिगाहाना’ शैलीचा. बांधणीचे रंगकाम आणि शाईने हाताने रेखाटलेली नाजूक फुले-पाने यांचा मिलाफ असलेली ही कला पंधराव्या-सोळाव्या शतकांत जपानमध्ये बहरली आणि पुढे लोप पावली. तिची कृती सांगणारे कोणी उरले नव्हते. हा तुकडा पाहणाऱ्या इच्चिकू कुबोता यांना आयुष्यभराचा ध्यास मिळाला.

१९१७ साली टोकियोत जन्मलेल्या कुबोता यांनी चौदाव्या वर्षी शाळा सोडून कोबायाशी कियोशी या कलावंताकडे उमेदवारी पत्करली. तेथे ते रेशमावर हाताने चित्रे रंगविण्याची ‘युझेन’ पद्धत शिकले. तांदळाच्या पिठाच्या खळीने रेषा आखून घ्यायच्या, म्हणजे शेजारचे रंग एकमेकांत मिसळत नाहीत, हे या पद्धतीचे मर्म.

दुसऱ्या महायुद्धाने या साधनेत खंड पाडला. कुबोता सैन्यात गेले आणि युद्धानंतर लाखो जपानी सैनिकांप्रमाणे सोव्हिएत फौजांचे कैदी झाले. सैबेरियातील छावण्यांत कडाक्याची थंडी, अपुरे अन्न आणि सक्तीची मजुरी यांनी हजारोंचे प्राण घेतले. त्या उजाड प्रदेशात मावळत्या सूर्याने पेटलेले आकाश मात्र कुबोतांच्या मनात ठसले. जगून परतलो तर हे रंग रेशमावर उतरवायचे, या ओढीने त्यांना तगवले.

सुटकेनंतर चरितार्थासाठी त्यांनी पुन्हा युझेनचे काम हाती घेतले. चाळिशीच्या सुमारास ते त्सुजिगाहानाकडे वळले, पण प्रयोग फसत राहिले. जुन्या कारागिरांचे विशिष्ट विणीचे रेशीम आता कोणी विणत नव्हते. अखेर १९६२ च्या सुमारास त्यांनी कठीण निर्णय घेतला. हरवलेली कला जशीच्या तशी परत आणण्याचा हट्ट त्यांनी सोडला, आजचे चुणीदार रेशीम आणि कृत्रिम रंग स्वीकारले आणि स्वतःची ‘इच्चिकू त्सुजिगाहाना’ घडवायला घेतली.

हे काम चिकाटीची कसोटी पाहणारे होते. कापड शिवून व दोऱ्याने आवळून बांधायचे, रंगवायचे, वाफवायचे, धुवायचे, सोडायचे आणि पुन्हा बांधायचे. असे अनेक थर चढल्यावर शाईचे रेखाटन. एकेका किमोनोला वर्षभराचा काळ लागे. १९७७ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांचे पहिले प्रदर्शन टोकियोत भरले. संग्रहालयातील त्या भेटीला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती.

पुढे युरोप-अमेरिकेत त्यांचे किमोनो गाजले. फ्रान्सने १९९० साली त्यांचा सन्मान केला. १९९४ मध्ये फुजी पर्वताच्या परिसरात, कावागुची सरोवराकाठी त्यांचे संग्रहालय उभे राहिले. शेजारी-शेजारी टांगल्यावर ऋतूंचे अखंड निसर्गचित्र साकारणारी ऐंशी किमोनोंची मालिका हे त्यांचे स्वप्न होते. २००३ साली त्यांचे निधन झाले तेव्हा ती अपुरीच होती. तिच्या पूर्ण झालेल्या किमोनोंवर मात्र छावणीतल्या कैद्याने पाहिलेले मावळतीचे तांबूस-केशरी आकाश उतरले आहे.