केडगावच्या पंडिता रमाबाई : पदवी बाजूला ठेवून केलेली सेवा

पुण्याहून रेल्वेने निघालं की दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन येतं. इथलं मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंनी उभं केलं हे तालुक्यात बहुतेकांना माहीत आहे. पण या बाई इथे आल्या त्याआधी केवढ्या मोठ्या नावाच्या होत्या, ते फारसं बोललं जात नाही.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बाईमाणसाला संस्कृत शिकवायचं नाही, असा तो काळ. तरी त्यांनी बायकोला शिकवलं, आणि आईने पुढे रमाबाईंना. हे कुटुंब तीर्थाच्या गावोगाव पुराण सांगत फिरायचं. मद्रासकडच्या मोठ्या दुष्काळात आई-वडील आणि बहीण उपासमारीने गेले. रमाबाई आणि भाऊ पायी फिरत 1878 ला कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेतली आणि पंडिता, सरस्वती अशा पदव्या दिल्या. वय वीस. एवढ्या वयात एवढा मान मिळाला तर कुणाचंही डोकं फिरेल.

भाऊ वारला. लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली आणि 1882 ला नवराही गेला. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मिशनच्या बायकांशी धर्माच्या प्रश्नांवर त्यांचे वाद झाले. जे पटलं नाही त्याला त्यांनी होकार दिला नाही. नम्र माणूस म्हणजे मान खाली घालणारा, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

1889 ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं, नंतर ते पुण्यात आलं. मुली ख्रिस्ती होतात अशी ओरड झाली, तेव्हा बऱ्याच घरच्यांनी मुली काढून नेल्या. बाहेरच्या टीकेपेक्षा आतली गोष्ट मोठी होती. बाप्तिस्म्याला आठ वर्षं होऊन गेल्यावर त्यांना कळून आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. हे त्यांनी नंतर स्वतः लिहून जाहीर केलं. नाव झालेलं, देणग्या येणाऱ्या, परदेशात मान असलेल्या बाईने असं कबूल करणं सोपं नाही. संस्था चालवणारे किती जण असं लिहितील?

मग 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली, विधवा गोळा केल्या. तीनेकशे जणी असतील. त्यांना केडगावच्या शेतजमिनीवर आणलं. विहिरी खोदल्या, भाजीपाला लावला, गुरं पाळली, माग चालवले. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि आकडा दीड हजारांच्या पुढे गेला. अंध मुलींची वेगळी सोय केली. समाजाने टाकलेल्या बायकांना कृपा सदन होतं. एवढ्या तोंडांचं जेवण रोज काढायचं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी लग्नाची पंगत उठली त्याला विचारा.

शेवटची पंधरा-वीस वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. चालू भाषांतरांची मराठी संस्कृतने जड झालेली, खेड्यातल्या बाईला ती कळायची नाही. रमाबाईंना मनात आणलं असतं तर त्याहून जड मराठी लिहिता आली असती, संस्कृत त्यांना तोंडपाठ होतं. पण त्यांनी साधे, घरात बोलले जाणारे शब्द घेतले. छपाईही केडगावातच. खिळे जुळवायचं काम मुलीच करायच्या, त्यातल्या कित्येकींना इथे येण्याआधी अक्षरओळख नव्हती.

1919 ला सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. 1921 ला मनोरमा गेली. आपल्यामागे कारभार तीच पाहील असं धरून चाललेल्या. तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. संपूर्ण बायबल 1924 ला बाहेर पडलं. ते पुस्तक त्यांना बघायला मिळालं नाही.