६१७४ आणि देवळालीचे मास्तर

एकच काम पुन्हा पुन्हा करण्याची जी सूचना आपण संगणकाला देतो, तिला लूप म्हणतात. महाराष्ट्रातील एका शाळामास्तरांनी अशी फिरती आकडेमोड हाताने केली आणि जगात नाव मिळवले. ते म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता आणि ज्योतिषात आकडेमोड फार असते. ती पाहता पाहता मुलालाही आकड्यांची गोडी लागली. त्यांचे शालेय शिक्षण ठाण्याला झाले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली त्यांना गणितातील स्वतंत्र कामाबद्दल रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळाली येथे शाळेत शिकवत राहिले.

शिकवण्यातून उरलेला वेळ त्यांनी संख्यांना दिला. १९४९ साली त्यांनी एक नवल जगापुढे ठेवले. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक आधी उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करा. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा हेच करा. (उर्दू आपण उजवीकडून लिहितो, पण आकडे डावीकडूनच मांडतो, हे ध्यानात असू द्या.)

कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ. १९०५ वरून ९५१० आणि ०१५९ या संख्या मिळतात. त्यांची वजाबाकी ९३५१. पुढच्या उत्तरांची रांग अशी लागते: ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा करा. पुन्हा ६१७४ च! कोणत्याही संख्येपासून निघा, सात फेऱ्यांच्या आत किंवा सातव्या फेरीला ६१७४ येतेच. १९०५ ला पूर्ण सात लागल्या.

त्या काळी आपल्या देशात इलेक्ट्रॉनिक संगणक नव्हता. एकेक वजाबाकी हातानेच करायची. बरे, एवढे करूनही अनेक गणितज्ञांनी या कामाला पोरखेळ मानले. कापरेकरांनी ते सोडले नाही. छोट्या पुस्तिका ते स्वतःच छापून घेत. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि मग त्यांचे नाव सर्वदूर गेले. १९८६ साली देवळालीतच त्यांचे निधन झाले. ६१७४ ला आज कापरेकर स्थिरांक म्हणतात.

प्रोग्रॅम शिकणाऱ्याला हा स्थिरांक फार उपयोगी आहे. मालवणजवळच्या देवबागला एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली नदी आहे. तिथल्या किनाऱ्यावर रापण ओढतात, तेव्हा दोर किती वेळा ओढायचा हे आधी ठरलेले नसते. जाळे किनाऱ्याला लागेपर्यंत माणसे ओढत राहतात. कापरेकरांची आकडेमोड अशीच आहे. संगणकाला सांगायचे: संख्या ६१७४ होत नाही तोपर्यंत वजाबाकी करत राहा. दुसऱ्या प्रकारच्या लूपमध्ये फेऱ्या मोजलेल्या असतात. १००० पासून ९९९९ पर्यंतची प्रत्येक संख्या तपासायची, तर बाहेर हा मोजलेला लूप आणि त्याच्या आत रापणीसारखा लूप. मास्तरांना जे हाताने करावे लागले, ते संगणक क्षणात करतो.

पण संगणकाला अक्कल नसते. त्याला ११११ ही संख्या दिली तर वजाबाकी शून्य येते. शून्यातून शून्य गेले, उरले शून्य. ६१७४ कधी येणारच नाही आणि बिचारा संगणक फिरतच राहील. म्हणून चारही अंक सारखे असलेल्या नऊ संख्या आधीच बाजूला काढाव्या लागतात. मग ८९९१ संख्या राहतात. त्यांतही २१११ सारखी एखादी फसवते. २१११ मधून १११२ गेले की ९९९ उरतात. ते तीन अंकीच ठेवले तर पुढच्या फेरीत शून्य आणि पुन्हा तोच घोटाळा. ०९९९ असे चार अंक धरले, तर आणखी चार फेऱ्यांत ६१७४ मिळते.