पाण्यासाठी दहा वर्षं कोर्टात : बाबासाहेब, चवदार तळं आणि आपली हिरवी पडणारी तळी

रेवस (ता. अलिबाग) : मुंबईहून निघालेली बोट आपल्या रेवसच्या तोंडावरून खाडीत वळायची आणि धरमतरला लागायची. तिथून पुढे मोटारीने महाड. त्या काळी मुंबईकराला महाडला जायचा हा नेहमीचा रस्ता. पण २४ डिसेंबर १९२७ रोजी ‘पद्मावती’ नावाची बोट दोनशेच्या आसपास माणसं घेऊन निघाली, ती या खाडीत वळलीच नाही. सरळ समुद्राने खाली हरिहरेश्वरकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दासगावला लागली. धरमतरचे मोटारवाले ऐनवेळी या माणसांना गाडीत घेणार नाहीत, अशी धास्ती होती. बोटीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. भांडण होतं एका तळ्याच्या पाण्याचं.

बाबासाहेबांचं चरित्र जयंतीच्या भाषणात आपण सगळ्यांनीच ऐकलंय. आज ते पाण्याच्या बाजूने सांगतोय. कारण पावसाळा सरला की आपल्याकडची तळी एकेक करून हिरवी पडायला लागतात आणि उकळून घेतलं की झालं, असं आपण धरून चालतो. तसं नाहीये. ते पुढे येईलच.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू इथल्या लष्करी छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला. वडील रामजी सुभेदार. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं मंडणगडजवळचं आंबडवे, म्हणजे महाडपासून तसं काही लांब नाही. वडिलांची नोकरी सुटल्यावर कुटुंब साताऱ्याला आलं. तिथल्या शाळेत तहान लागली तरी भीमरावांनी नळाला हात लावायचा नाही. शिपायाने तोटी सोडली तर पाणी मिळायचं. शिपाई जागेवर नसला तर तहान तशीच मारायची.

१९०१ साली उन्हाळ्यात एक प्रसंग घडला. वडील तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला (आपलं माणगावचं गोरेगाव नव्हे) खजिनदाराचं काम करत होते. दुष्काळी लोकांना रोजगार मिळावा म्हणून सरकारने तिथे तळं खोदायला काढलं होतं. सुट्टीत वडिलांना भेटायला भीमराव, थोरले भाऊ आणि भाचे असे निघाले. नवे कपडे, जरीच्या टोप्या, पोरांची नुसती मजा. मसूर स्टेशनवर उतरले तर न्यायला कुणी आलेलं नाही, पत्र वडिलांना मिळालंच नव्हतं. स्टेशनमास्तरने जात विचारली. पोरांनी खरं सांगितलं आणि त्याचा चेहराच बदलला. कुणी गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, तेही पोरांनी स्वतः बैल हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचं, या अटीवर.

सोबत डबा होता, पाणी नव्हतं. वाटेत एका ठिकाणी पाणी दिसलं. जवळ जाऊन बघतात तर गढूळ डबकं, त्यात गुराढोरांचं शेण-मूत मिसळलेलं आणि वास असा की नाक धरावं. ते काही पिता आलं नाही. पाण्याशिवाय घास उतरेना, डबा तसाच परत बांधला. रात्री टोलनाक्यावर मुसलमान असल्याचं सांगून पाणी मागून बघितलं, तेही मिळालं नाही. भरल्या डब्याशेजारी पोरं उपाशी निजली. वडील तिकडे तळ्याच्या कामाचा हिशेब ठेवत होते आणि पोरांना वाटेत घोटभर पाणी मिळालं नाही. नऊ-दहा वर्षांचं वय. ही आठवण त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे.

शिक्षणाचा भाग सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. १९०७ ला मॅट्रिक, १९१३ ला बडोदा संस्थानच्या मदतीने अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात, मग लंडन. बॅरिस्टर होऊन १९२३ ला परत आले, डी.एस्सी.ही मिळवली.

त्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९२३ ला, सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे मंडळात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करायच्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. चवदार तळं नगरपालिकेचंच होतं. कागदावर तळं खुलं झालं, पण तीन वर्षं एकही माणूस पाण्याला गेला नाही. जायची छाती कुणाची होणार?

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आपला रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा होता. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे अशी स्पृश्य समाजातली मंडळीही पाठीशी होती. परिषदेला आलेल्या माणसांसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. तळं शेजारी भरलेलं आणि पाणी विकत. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या खारेपाटातल्या बायाबापड्यांना यातला सल वेगळा समजावून सांगायला नको.

२० मार्चला परिषदेतली हजारो माणसं शांतपणे रांगेने तळ्यावर गेली. बाबासाहेब पायऱ्या उतरले, ओंजळीने पाणी प्यायले, मग बाकीचे प्यायले. थोड्याच वेळात गावात आवई उठली की आता ही माणसं वीरेश्वराच्या देवळात घुसणार. जेवणाच्या पंगतीवर लाठ्याकाठ्या घेऊन जमाव आला. माणसं जखमी झाली, काहींनी मुसलमान वस्तीतल्या घरांचा आसरा घेतला. बाबासाहेबांच्या एका शब्दावर उलटा मार सुरू झाला असता. त्यांनी तो शब्द दिला नाही, आपल्या माणसांना आवरून धरलं.

नंतर गावातल्या सनातनी मंडळींनी तळं शुद्ध करायचं ठरवलं. शेण, गोमूत्र, दूध आणि दही घातलेल्या १०८ घागरी मंत्र म्हणत तळ्यात बुडवल्या आणि पाणी शुद्ध झाल्याचं जाहीर केलं.

इथे जरा थांबतो. माणसाच्या हाताने तळं बाटलं म्हणून त्यात शेण आणि दूध घातलं, ही गोष्ट जातीच्या अंगाने हजारदा सांगून झाली आहे. पाण्याच्या अंगाने फारशी कुणी सांगत नाही. शेणात, मुतात, दुधात नायट्रोजन आणि फॉस्फरस असतो. म्हणजे खतच. शेतात पडलं तर भात तरारतो, तळ्यात पडलं तर शेवाळ. १०८ घागरींनी महाडचं एवढं तळं हिरवं झालं असेल, असं माझं म्हणणं नाही. पण आपल्या गावच्या तळ्यात हीच खुराक रोज पडते. काठावरचा उकिरडा, गुरं धुणं, साबण, निर्माल्य, गटाराचं पाणी, शेतातून वाहून आलेला युरिया.

पाऊस थांबला, पाणी स्थिर झालं, ऑक्टोबरचं ऊन तापलं की या खुराकावर शेवाळ फुगतं. फेब्रुवारी ते मे पाणी आटतं तेव्हा पुन्हा तेच. सगळं शेवाळ वाईट नसतं. काठीला केसांसारखं लोंबतं ते बहुतेक साधं. पण दुसरं एक असतं, त्याला नील-हरित शेवाळ म्हणतात. खरं तर ते सूक्ष्मजंतूच. हिरव्या रंगाचा डबा सांडावा तशी साय पाण्यावर पसरते, काठी बुडवली तर रंग लागल्यासारखी माखून निघते, वास कुबट येतो. यातल्या काही जाती विष तयार करतात. मायक्रोसिस्टिन हे त्यातलं एक, ते यकृतावर जातं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा एका लिटरला एक मायक्रोग्रॅम धरली आहे, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. २०२० साली आफ्रिकेतल्या बोट्सवाना देशात ३०० हून जास्त हत्ती पाणवठ्यांच्या आसपास मेलेले सापडले. तिथल्या सरकारने तपासाअंती याच जातीच्या जंतूंच्या विषाकडे बोट दाखवलं. हत्तीची ही गत, तर आपल्या म्हशीचं आणि पोराचं काय?

महाडकडे वळू. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. त्याआधी १२ डिसेंबरला विरोधकांनी कोर्टात दावा टाकला की तळं खाजगी आहे, आणि १४ तारखेला मनाई हुकूम मिळवला. पद्मावती बोट निघाली ती हा हुकूम डोक्यावर असताना. परिषदेला कुणी जागा देईना, फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृती जाळली. तळ्यावर जायला माणसं तर उतावीळ झाली होती. पण बाबासाहेबांनी कोर्टाचा मान राखायचा ठरवला आणि लोकांचं मन वळवलं. मिरवणूक तळ्याला वळसा घालून आली, पाण्याला कुणी हात लावला नाही. मला विचाराल तर पाणी पिण्यापेक्षा हे अवघड होतं.

खटला खालच्या कोर्टातून वर चढत गेला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. ओंजळभर पाणी प्यायल्याला तीन दिवस कमी दहा वर्षं झाली होती.

मधल्या काळात, १९३४ साली, ते सहकाऱ्यांसोबत दौलताबादचा किल्ला बघायला गेले. दारापाशी पाण्याचं टाकं होतं. धुळीने माखलेले म्हणून सगळ्यांनी हातपाय धुतले, तर तिथले मुसलमान रहिवासी टाकं बाटवलं म्हणून अंगावर धावून आले. महाडला आसरा देणारेही मुसलमान आणि इथे धावून येणारेही. पाण्याचा विटाळ एका धर्मापुरता नव्हता, हे त्यांनी स्वतः लिहिलं आहे.

आपल्या अलिबाग तालुक्याशीही त्यांचं नातं आहे. चरीचा शेतकऱ्यांचा संप १९३३ ला सुरू झाला, नारायण नागू पाटील पुढारी. बाबासाहेब या कुळांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ ला कायदे मंडळात खोती बंद करायचं विधेयक त्यांनीच मांडलं.

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. दामोदर खोऱ्याची योजना, नद्यांच्या पाण्याचा देशपातळीवर विचार करणारा आयोग, ही कामं त्या चार वर्षांतली. मग राज्यघटना. तिच्या १५ व्या कलमात विहिरी, तळी, स्नानघाट आणि रस्ते ही नावं घेऊन लिहिलं आहे की धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणाला अडवता येणार नाही. देशाच्या घटनेत गावचं तळं आलं! ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेब गेले.

तळ्यावर आज हक्क सगळ्यांचा आहे. आता त्या हिरव्या पाण्याचं काय करायचं ते.

पहिलं म्हणजे उकळू नका. उकळून जुलाबाचे जंतू मरतात, हे विष मरत नाही. उलट शेवाळाची पेशी फुटून आतलं विष पाण्यात उतरतं. हिरव्या तळ्यात टीसीएल पावडर ओतली तरी तेच होतं. तुरटीने गाळ बसेल, पण पाण्यात उतरलेलं विष खाली बसत नाही. दोन-चार दिवसांत हिरवा रंग गेला म्हणूनही लगेच पाणी भरू नका, विष मागे राहू शकतं. तोवर पिण्याला, स्वयंपाकाला दुसरीकडचं पाणी घ्या. गुरं तिकडे सोडू नका, पोरांना पोहायला जाऊ देऊ नका. खारेपाटात जिताड्याची तळी आहेत, तिथे अशी साय दिसली तर मासळी थांबवा. खाल्लीच तर पोटातली घाण आणि काळीज पूर्ण काढून, चांगल्या पाण्याने धुऊनच. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर पाण्यातला प्राणवायू संपतोय असं समजा.

घरी एक साधी परीक्षा करता येते. हातमोजे घालून काचेच्या बरणीत पाणी घ्या आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवं तळाशी बसलं असेल तर बहुतेक साधं शेवाळ. वर येऊन कडेने हिरवं कडं धरलं असेल तर नील-हरितचा संशय घ्या. ही परीक्षा संशयापुरती, विष आहे की नाही ते यातून कळत नाही.

त्या पाण्याला हात लागल्यावर अंगाला खाज, डोळ्यांची चुरचुर, उलटी, पोटदुखी झाली तर आरोग्य केंद्रात जा आणि तळ्याचं नाव घेऊन सांगा, नाहीतर डॉक्टर साधा जुलाब धरतील. जनावर तळ्यावरून आल्यावर लटपटायला लागलं तर पशुवैद्यकाला लगेच फोन करा.

तळ्यासाठी करायचं काम तसं जुनंच आहे. उकिरडा काठापासून लांब, साबणाचं पाणी आणि गटार दुसरीकडे, निर्माल्य खड्ड्यात. उन्हाळ्यात तळं आटलं की गाळ काढून शेतात टाका. शेवाळाची खुराक त्या गाळातच साठलेली असते आणि शेताला ती हवीच आहे.

पाण्याचा नमुना जलसुरक्षकाकडे किंवा ग्रामपंचायतीत देताना पाणी हिरवं पडलंय असं तोंडाने सांगा आणि अर्जातही लिहा. गावात होणाऱ्या नेहमीच्या जैविक तपासणीत जंतू कळतात, शेवाळाचं विष कळत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी मागावी लागते.