सूत, समाधान आणि विनोबा

कोल्हापूरकडच्या माणसाला सुताचे नवल वाटण्याचे कारण नाही. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि १९०६ साली छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात सूतगिरणीचा पाया घातला. शाहू मिलचा भोंगा बंद झाला त्याला आता बरीच वर्षे लोटली. इचलकरंजीच्या मागांचा खडखडाट मात्र अजूनही ऐकू येतो. अशा मुलखात कोणी म्हणाले की हाताने सूत कातल्याने मनाला विश्रांती मिळते, तर ऐकणारा हसेल. दिवसभर राबून चार गुंड्या सूत काढायचे, आणि तेवढे गिरणी हां हां म्हणता काढते. मग हा उद्योग कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी स्वतःच्या देहावर प्रयोग करून शोधले, त्या आचार्य विनोबा भाव्यांचे चरित्र म्हणूनच पुन्हा पाहण्यासारखे आहे.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या खेड्यात झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास असत आणि कापड, रंग यांच्या शास्त्राची त्यांना मोठी आवड होती. आई रखुमाबाई भाविक होत्या. घरकाम करता करता त्यांच्या तोंडी संतांची पदे असत. जनाबाईंचे दळण, गोरोबांचा चिखल, सावतोबांचा मळा यांच्या कथा मराठी घरात मूल ऐकतच वाढते. हात कामात आणि चित्त देवात, ही रीत विनायकाला पुस्तकात शोधावी लागली नाही. ती स्वयंपाकघरातच भेटली.

बुद्धी तल्लख, गणिताची गोडी विशेष. पण पदवीचा मोह नाही. शाळेची प्रमाणपत्रे त्यांनी चुलीत घातली. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा विद्यार्थी सुरतेला उतरला आणि थेट काशीला गेला. तेथून ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात तो गांधीजींना भेटला आणि कायमचा त्यांचा झाला. त्या काळी आश्रमात माग होते, पण सूत गिरणीचे होते. चरखा कसा चालवावा हेच लोक विसरून गेले होते. पुढे गंगाबेन मजुमदार यांनी बडोदे संस्थानातील विजापुरात अडगळीत पडलेले चरखे शोधून काढले, तेव्हा कोठे आश्रमात हातसुताचा प्रारंभ झाला. एप्रिल १९२१ मध्ये विनोबा वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी घेण्यास गेले, तेव्हा चरखाही त्यांच्याबरोबर वर्ध्यास गेला.

कातण्याची क्रिया दिसायला सोपी आहे. पिंजलेल्या कापसाचा पेळू डाव्या हातात धरायचा, उजव्या हाताने चाक फिरवायचे. चातीच्या टोकाशी पीळ बसत जातो, डावा हात मागे सरतो, धागा लांबतो. मग तो चातीवर गुंडाळायचा आणि पुन्हा तेच. पीळ जास्त झाला की धागा आकसतो, कमी पडला की तुटतो. बोटांचा दाब किंचित बदलला तरी सूत जाडेभरडे उतरते. कातणाऱ्याचे मन भटकले की ही बातमी त्याच्या आधी धाग्याला कळते! जपमाळ ओढताना मन बाजारात गेले तरी मणी सरकत राहतात. सूत मात्र अशी फसवणूक चालू देत नाही. विनोबांसारख्या ध्यानाची ओढ असलेल्या माणसाला हे साधन का मानवले असेल, ते यावरून ध्यानात येते. ते चरख्यावर कातीत, टकळीवर कातीत, आणि त्यात पुन्हा गणित मांडीत. किती वेळात किती तार निघाले, हाताची कोणती ठेवण बरी, याचा हिशेब चाले.

परंतु एवढ्यावर थांबले असते तर ते विनोबा कसले? त्यांच्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. आश्रमातला साधक अर्धा तास मौन धरून कातील आणि त्याला शांती लाभेल, कारण त्याच्या जेवणाची सोय अन्यत्र झालेली आहे. पण जी बाई आठ तास कातून काही आणे मिळविते आणि त्यावर मुले पोसते, तिने त्याच चरख्यात शांती कशी शोधावी? तिच्या तुटलेल्या धाग्यात तिची भाकरी तुटते. साधकाचे समाधान आणि मजूर बाईची लाचारी एकाच चाकावर फिरत असतील, तर त्या समाधानाला काही अर्थ उरतो काय?

उत्तरासाठी त्यांनी लेख लिहिला नाही. १९३२ च्या अखेरीस ते वर्ध्याजवळील नालवाडीत राहावयास आले होते. १९३५ च्या सुमारास त्यांनी व्रत घेतले की मजुराप्रमाणे दिवसाचे आठ तास कातायचे आणि त्या मजुरीतच आपला निर्वाह करायचा. नेम चार गुंड्यांचा. एक गुंडी ६४० तारांची आणि एक तार चार फुटांची. म्हणजे रोजचे सूत तीन किलोमीटरहून लांब! शिकविणेही कातता कातताच चाले. मजुरीचे दर मात्र असे की पोटभर अन्न त्यात बसेना. याच सुमारास गांधीजींनी कातणारणीला आठ तासांचे आठ आणे मिळावेत असा आग्रह धरला, आणि १९३५ च्या ऑक्टोबरात चरखा संघाने मजुरी वाढविण्याचा ठराव केला. खादी महागेल, गिऱ्हाईक तुटेल, अशी धास्ती पुष्कळांना होती. खादी स्वस्त ठेवायची की कातणारीला जगवायचे, हा त्या वेळचा खरा पेच होता आणि विनोबा आपल्या ताटातल्या अन्नाने त्यात आपले मत देत होते.

याची किंमत शरीराने भरली. १९३८ मध्ये त्यांचे वजन ८८ पौंडांपर्यंत उतरले. गांधीजी चिंतेत पडले. थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा सल्ला निघाला. विनोबांनी निवडले ते वर्ध्यापासून जवळचेच पवनार. तेथे धाम नदीच्या काठी जमनालाल बजाजांचा बंगला होता. नदीचा पूल ओलांडताना त्यांनी सगळ्या संस्था, कामे आणि चिंता मनातून उतरवून ठेवल्या. मग थोडे चालणे, थोडे शेत खणणे, आणि मन रिकामे. प्रकृती हळूहळू भरून आली. खणताना जमिनीतून भरत-रामाच्या भेटीची प्राचीन मूर्ती निघाली. ती पुढे आश्रमात बसविली गेली. श्रमाने मोडलेला देह श्रमानेच सावरला. फरक इतकाच की आता त्या श्रमामागे कोणतीही घाई नव्हती.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. १९४० साली ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले. गांधीजींच्या निर्वाणानंतर त्यांच्या स्मरणार्थ प्रत्येकाने स्वतः कातलेली एक गुंडी अर्पण करावी, ही सूतांजलीची कल्पना विनोबांचीच. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत भूदानाचा उगम झाला आणि त्यानंतर सुमारे तेरा वर्षे हा माणूस भारतभर पायी चालला. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारलाच, अन्न-औषध सोडून, त्यांनी शांतपणे देह ठेवला.

आज आपल्यापैकी कोणी चरखा घेऊन बसला तर त्याला थोडा विसावा नक्की मिळेल. परीक्षेच्या दिवसांत शिणलेल्या डोक्याला हातांचे काम बरे वाटते, मग ते कातणे असो, विणणे असो की माती मळणे असो. तो विसावा खोटा मानण्याचे काही कारण नाही. मात्र विनोबांचे जीवन वाचल्यावर अंगावरच्या सदऱ्याकडे पाहताना एक विचार सुटत नाही. हे सूत ज्या हातांनी काढले आणि विणले, मग ते यंत्रमागावरचे का असेनात, त्या हातांना रात्री झोप लागते काय? विनोबांना चरख्यावर बसून हा प्रश्न टाळता आला नाही, आणि तो न टाळताच त्यांनी आपली शांती मिळविली.