भिखारी ठाकूर : वाट पाहणाऱ्या गावांचा नाटककार

बिहारच्या सारण जिल्ह्यात गंगाकाठी कुतुबपूर हे गाव आहे. पुराबरोबर येणाऱ्या गाळावर येथील शेती पिकते आणि त्याच पुरात कित्येकदा ती वाहूनही जाते. नदीकाठच्या अशा गाळपेर जमिनीला त्या भागात दियारा म्हणतात. या दियाऱ्यातील एका गरीब नाभिक कुटुंबात १८ डिसेंबर १८८७ रोजी भिखारी ठाकूर यांचा जन्म झाला. वडील दलसिंगार ठाकूर आणि आई शिवकली देवी यांच्या घरी विद्येची परंपरा नव्हती. बालपण गुरे राखण्यात गेले, शाळेत मन रमले नाही. पुढे समवयस्क मुलाकडून ते कैथी लिपीतील अक्षरे शिकले. केशकर्तन आणि लग्नकार्याची आमंत्रणे घरोघर पोहोचविणे हा पिढीजात व्यवसाय होता. त्यामुळे प्रत्येक जातीच्या अंगणापर्यंत त्यांचा वावर असे आणि उंबऱ्याआड चालणारी सुखदुःखे त्यांच्या कानी पडत.

त्या काळचा भोजपुरी प्रदेश दाट वस्तीचा आणि तुटपुंज्या शेतीचा होता. १७९३ च्या कायमधारा पद्धतीने जमिनीवर जमीनदारांची पकड बसली होती. कुळाच्या हाती उरणाऱ्या धान्यावर वर्ष निघत नसे. म्हणून घरातील कर्ता पुरुष पूर्वेची वाट धरी. कोणी कलकत्त्याच्या ताग गिरण्यांत जाई, कोणी आसामच्या चहामळ्यांत. हजारो लोक करारबद्ध मजूर होऊन मॉरिशस, फिजी, सुरीनाम येथे गेले. त्यांनाच गिरमिटिया म्हटले जाते. मागे राहिलेल्या स्त्रिया शेत, गुरे आणि वृद्ध सासू-सासरे सांभाळीत मनीऑर्डरची वाट पाहत. आपल्याकडे जात्यावर ओव्या जन्मल्या, तशी तिकडे जतसारी गीते जन्मली. त्यांत या विरहाचा सूर ठायी ठायी आढळतो.

भिखारी स्वतःही याच वाटेने गेले. रोजगारासाठी ते बंगालमधील खड़गपूरला पोहोचले आणि वस्तरा चालवून चार पैसे जोडू लागले. याच प्रवासात त्यांनी रामलीला पाहिली, जगन्नाथपुरीचे दर्शन घेतले आणि कलेची ओढ लागली. गावी परतून त्यांनी प्रथम रामलीला उभी केली. पुढे वयाच्या तिशीत, १९१७ च्या सुमारास, स्वतःची नाचमंडळी स्थापन केली. ढोलक, सारंगी, हार्मोनिअम आणि झांजा एवढाच तिचा सरंजाम होता. स्त्रीभूमिका पुरुषच करीत. महाराष्ट्रातील तमाशाप्रमाणेच या नाचालाही प्रतिष्ठित समाजात मान नव्हता.

‘बिदेसिया’ हे त्यांचे सर्वांत गाजलेले नाटक. तरुण पती नवविवाहितेला सोडून कलकत्त्याला जातो आणि तेथे दुसऱ्या स्त्रीबरोबर संसार थाटतो. गावातील पत्नी एका वाटसरूकडे निरोप देते आणि अखेर पती परततो. मागोमाग ती दुसरी स्त्रीही मुलांसह दारी येते. नाटककार तिला खलनायिका ठरवीत नाही. दोघीही एकाच दारिद्र्याच्या बळी असल्याने त्या घरात सर्वांनाच जागा मिळते.

‘बेटी बेचवा’मध्ये पैशासाठी कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणाऱ्या बापाची कथा आहे. मराठी वाचकाला येथे गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ची आठवण होईल. ‘विधवा विलाप’मध्ये निराधार स्त्रीची परवड आहे. ‘गबरघिचोर’ त्याहून धाडसी आहे. परगावी राहिलेल्या पतीच्या पश्चात पत्नीला झालेल्या मुलावर तिघे हक्क सांगतात. मुलाचे तीन तुकडे करून वाटणी करण्याचा निवाडा पंच देतात, तेव्हा आई आपला हक्क सोडून त्याचा जीव वाचविते. ब्रेख्त यांच्या ‘कॉकेशियन चॉक सर्कल’शी या नाटकाची तुलना केली जाते.

ही नाटके लग्नाच्या वरातीत, जत्रेत आणि उघड्या माळावर रात्र रात्र चालत. प्रेक्षक बहुतेक शेतमजूर आणि लहान शेतकरी. रंगमंचावरील रडणे त्यांच्याच घरातील होते. जातीवरून अवहेलना होत असतानाही भिखारींनी आपली भाषा आणि आपले विषय बदलले नाहीत. आसाम व बंगालमधील बिहारी मजुरांच्या वस्त्यांतही त्यांच्या मंडळींनी प्रयोग केले. महापंडित राहुल सांकृत्यायन यांनी त्यांना भोजपुरीचा शेक्सपिअर मानले. १९६३ साली आलेल्या ‘बिदेसिया’ चित्रपटात भिखारी स्वतः पडद्यावरही दिसले.

१० जुलै १९७१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मंडळीत स्त्रीभूमिका करणारे रामचंद्र मांझी यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. एकेकाळी हिणवल्या गेलेल्या नाचाचा तो सन्मान होता. सारणच्या गावांतून आजही तरुण रोजगारासाठी मुंबई, सुरत, पंजाबकडे जाणाऱ्या गाड्यांत बसतात आणि घरची माणसे त्यांच्या परतण्याची वाट पाहतात. म्हणूनच शंभर वर्षांनंतरही ‘बिदेसिया’चे प्रयोग होतात आणि प्रेक्षकाला ती कालची गोष्ट वाटत नाही.